मध्यरेषेवरचं घड्याळ

वाशीमच्या मध्यमेश्वराच्या देवळात उभे राहा आणि ११८३ सालात शिरा. भास्कराचार्यांचा ‘करणकुतूहल’ तयार होतो आहे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या भूमीच्या मध्यरेषेवरची गावं त्यात नोंदली आहेत: कांची, परळी, उज्जैन, कुरुक्षेत्र. त्याच यादीत वत्सगुल्म आहे, म्हणजे तुमच्या पायाखालचं वाशीम. हे देऊळ नेमकं त्या रेषेवर उभं आहे, अशी गावाची श्रद्धा. आजच्या मोजणीत उज्जैन वाशीमच्या पश्चिमेला सव्वा अंशाहून थोडं जास्त सरकतं, म्हणजे सूर्याच्या चालीनं पाचेक मिनिटं. पण उत्तर-दक्षिण अंतर दुपारच्या सावलीवरून काढता येतं. पूर्व-पश्चिम अंतरासाठी एकच ग्रहण दोन गावांत किती घटकांच्या फरकानं दिसलं, ते ताडून पाहावं लागतं. तेवढ्या साधनांवर पाच मिनिटांइतकं जवळ जाणाऱ्या त्या माणसांपुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

त्या घटका तुम्हाला बघायच्या असतील, तर लग्नमंडपात या. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी तरंगते आहे. तिच्या बुडाला बारीक भोक आहे. चोवीस मिनिटांत वाटी भरते आणि बुडते. ती झाली एक घटका. दिवस-रात्र मिळून अशा साठ. जोशीबुवांची नजर वाटीवर, वऱ्हाडाची नजर जोशीबुवांवर.

आता काही शतकं पुढे या आणि समुद्र ओलांडा. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये एली टेरी यानं चार हजार लाकडी घड्याळं बनवायचा करार घेतला आहे आणि त्याच्या हाताखाली सेथ थॉमस नावाचा तरुण सुतार भाग जुळवतो आहे. १८१३ मध्ये हाच थॉमस प्लिमथ हॉलो गावात स्वतःचा कारखाना घेतो. आधी दातेरी चाकं लाकडाची, पुढे पितळेची. १८५९ मध्ये तो वारला, तरी मुलगा अ‍ॅरन कारभार पुढे नेतो. घराण्याचा दबदबा असा, की पुढे गावच थॉमस्टन होतं. जुन्या घड्याळाच्या आतला कागद म्हणूनच वाचावा: ‘प्लिमथ हॉलो’ असेल तर घड्याळ आधीचं, ‘थॉमस्टन’ असेल तर नंतरचं.

१९०५ च्या डिसेंबरात वाशीमला परत या. इंग्रजांच्या दप्तरातला बासीम जिल्हा यंदाच मोडला आहे आणि वाशीम अकोल्याला जोडलं आहे. कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका वाड्याच्या ओसरीत तुम्ही बसला आहात. भिंतीवर थॉमस घराण्याचं घड्याळ आहे: मुंबईहून अकोल्यापर्यंत रेल्वेनं, पुढे बैलगाडीतून भुशात गुंडाळून आलेलं. तबकडीवर रोमन आकडे, चाराच्या जागी चार उभ्या रेघा. किल्लीची दोन भोकं आहेत, एक चालीचं आणि एक ठोक्यांचं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मालक स्वतः किल्ली देतात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

पितळी दांडीचा लंबक असेल, तर वऱ्हाडातला उन्हाळा त्याला छळतो. पारा वीस अंशांनी चढला की दांडी किंचित लांबते आणि घड्याळ दिवसाला सोळाएक सेकंद मागे पडतं. खालची चकती फिरवून लंबक केसभर वर घ्यावा लागतो. जाणते कारागीर लाकडी दांडी पसंत करतात, कारण लाकूड उष्णतेनं फारसं वाढत नाही.

पण उद्या एक जानेवारी १९०६, आणि आजचा प्रश्न चकतीनं सुटणारा नाही. हिंदुस्थानासाठी नवी प्रमाण वेळ लागू होते आहे, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. वाशीमची स्वतःची वेळ तिच्या साडेएकवीस मिनिटं मागे आहे. कधीकाळी ज्या गावावरून देशाची मध्यरेषा जात होती, त्याला आता आपली दुपार दुसऱ्या रेषेवरून मोजायची आहे. मला हा साधा कारकुनी फेरफार वाटत नाही. आगगाडीला एक वेळ हवी हे खरं, पण गावाचं काहीतरी हातचं जातं, हेही खरं.

सकाळी मालक तुम्हालाच स्टुलावर चढायला सांगतात. मोठा काटा पुढेच ढकला, कधीही मागे नाही, नाहीतर ठोके बिघडतील. बारावर आला की थांबा, सगळे ठोके पडू द्या, मग पुढे.

“आमच्या पंचांगाला याची गरज नाही,” जोशीबुवा म्हणतात. त्यांची घटी-पळं इथल्या सूर्योदयापासून सुरू होतात. अंगणात त्यांनी शंकू रोवला आहे. तुम्ही दोघं सावलीचं टोक कोळशानं जमिनीवर खुणावत राहता. सावली सर्वांत आखूड होते, वाशीमची मध्यान्ह होते, तेव्हा ओसरीतलं घड्याळ, साडेएकवीस मिनिटांत जानेवारीतल्या सूर्याचा थोडा उशीर मिळून, १२ वाजून २५ मिनिटं दाखवतं. जोशीबुवा तो आकडा विचारतात आणि पंचांगाच्या समासात लिहून घेतात.