पेटीचे माप

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, बंगळूरचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट. जुन्या म्युझिक सिस्टिममधून काढलेले सुटे स्पीकर या ठिकाणी अजून मिळतात. बहुतेकांची लेबले गेलेली असतात. फार तर '८ ओहम' एवढे वाचता येते. असा एक आठ इंची जोड माझ्याकडे आहे. त्यापासून घरगुती सबवूफर करायचा, तर पहिला प्रश्न येतो तो पेटी केवढी हवी, हा. लाकूड कोणते, अँप्लिफायर कोणता, हे सगळे त्यानंतरचे. या प्रश्नाचे नेमके उत्तर हाती यायला तीन दशकांहून अधिक काळ गेला आणि उत्तर छापून झाल्यावर ते जगाने वाचायला आणखी दहा वर्षे गेली. मला कुतूहल आहे ते या दहा वर्षांचे.

आजचा स्पीकर हा मुळात १९२५ मधला आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू, त्याला चिकटवलेली कॉइल आणि मागे चुंबक अशी रचना मांडली. ती अजून तशीच चालते. तिच्यात एक अडचण होती. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाटते, त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या सुरांत या दोन्ही लहरी कडेने वळून एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणूनच हातात धरलेला मोठा स्पीकरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. पेटी लागते ती या दोघींना वेगळे ठेवण्यासाठी.

पण पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि शंकूला मागे ढकलते. बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांनी पेटीला एक भोक ठेवून मागची लहर कामाला लावली. त्याचे पेटंट त्यांना १९३२ मध्ये मिळाले. आपल्या कानांना ही युक्ती परकी वाटू नये. गोव्याच्या घुमटाला एका तोंडावर चामडे असते, दुसरे तोंड उघडे असते, आणि वादक डाव्या हाताने ते झाकत-उघडत आवाज वळवतो. मडक्यातली हवाच तिथे खर्ज देते. पुढे १९५४ मध्ये एडगर विलचूर यांनी उलट वाट धरली. पेटी घट्ट बंद करायची, स्पीकरची स्वतःची लवचीक कड अगदी मऊ ठेवायची आणि स्प्रिंगचे काम हवेवरच सोपवायचे. 'एआर-१' हा त्यांचा लहानसा स्पीकर त्याच वर्षी आला.

इतके होऊनही पेटीचे माप बरेचसे अंदाजपंचेच चालले होते. पेटी करायची, ऐकायचे, आत लोकर कोंबायची, भोक लहान-मोठे करायचे. गणित होते, पण ते सुताराच्या उपयोगाचे नव्हते.

नेव्हिल थील हे ऑस्ट्रेलियात ईएमआय कंपनीत अभियंता होते. त्यांचा निबंध १९६१ मध्ये तिथल्या रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या कार्यवृत्तात आला. स्पीकर आणि पेटी मिळून एक विद्युत फिल्टर होतो असे त्यांनी धरले: ठरावीक मर्यादेच्या वरचे सूर जाऊ देणारा, खालचे अडवणारा. अशा फिल्टरांचा अभ्यास तारांच्या आणि रेडिओच्या दुनियेत आधीच पक्का झालेला होता. बटरवर्थ, चेबिशेव्ह ही नावे अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यातली होती. भाषांतराचा धंदा करणाऱ्या मला ही पायरी सर्वांत आवडते. हवेच्या भाषेत अडलेले वाक्य विजेच्या भाषेत आधीच लिहून ठेवलेले आहे, हे थील यांनी ओळखले आणि जुळण्यांचे कोष्टकच समोर ठेवले.

त्या कोष्टकात शिरायला स्पीकरचे तीन आकडे पुरतात. शंकू मोकळा असताना कोणत्या कंपनसंख्येवर सर्वांत जास्त थरथरतो; ती थरथर किती लवकर शमते; आणि तिसरा, त्याची लवचीक कड किती लिटर हवेइतकी ताठ आहे. कापडा-रबराचा ताठपणा लिटरमध्ये सांगायचा! ऐकायला विचित्र, पण पेटीत भरायची आहे ती हवाच, तेव्हा माप तिच्याच भाषेत हवे.

हा निबंध इंग्रजीत होता. गुप्त नव्हता, दुर्बोध तर मुळीच नव्हता. तरी ऑस्ट्रेलियाबाहेर तो फारसा कुणी वाचला नाही. रिचर्ड स्मॉल हे अमेरिकन अभियंते सिडनी विद्यापीठात याच विषयावर डॉक्टरेट करत होते. मग १९७१ च्या मे आणि जून महिन्यांत अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने थील यांचा निबंध दोन भागांत पुन्हा छापला. पाठोपाठ १९७२-७३ मध्ये स्मॉल यांची लेखमाला तिथेच आली. आज जगभरचे कारखाने माहितीपत्रकात जे 'थील-स्मॉल' आकडे छापतात, ते त्यानंतरचे. एखादे पुस्तक दूर पोचले नाही की आम्ही भाषांतरकार लगेच भाषेच्या भिंतीला दोष देतो. इथे भाषा तीच होती. बदलला तो फक्त छापण्याचा पत्ता.

माझ्या जोडाला माहितीपत्रक नाही, पण आकडे मोजता येतात. फोनवरून शुद्ध सूर सोडायचा, अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक रेझिस्टर घालायचा आणि मल्टिमीटर धरायचा. स्पीकरच्या टोकांवरचा दाब जिथे सर्वांत चढतो, ती त्याची कंपनसंख्या: ३८ हर्ट्झ. मग शंकूवर २० ग्रॅम मळलेली कणीक दाबून बसवली, तेव्हा ती २८ वर उतरली. (नाणी नकोत, हल्लीची पोलादी नाणी चुंबकाकडे ओढली जातात.) या फरकावरून हलणाऱ्या भागाचे वजन सुमारे २४ ग्रॅम निघते आणि त्यावरून कडेचा ताठपणा सुमारे ४८ लिटर हवेइतका. शमण्याचा आकडा आला ०.५. भोकाच्या पेटीसाठी थील यांची सर्वांत सपाट जुळणी ०.३८ च्या आसपास मागते, म्हणजे इथे बंद पेटीच बरी. आणि ०.५ असला की बंद पेटीचे गणित फारच सोपे होते: पेटी त्या हवेइतकीच, ४८ लिटर.

दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी बसवले तर ९६ लिटर, म्हणजे घरात एक जादा कपाट. पण हॅरी ओल्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी मांडणी आहे: दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून घट्ट आवळायचे, एकाच्या तारा उलट्या जोडायच्या, म्हणजे ते एका अंगाने हलतात. ताठपणा दुप्पट होतो, पेटी निम्मी होते. २४ लिटर म्हणजे आतून साधारण २९ सेंटिमीटरचा ठोकळा. हे फुकट मिळत नाही. वीज दोन स्पीकरची जाते आणि आवाज एकाचाच येतो. केएलएच कंपनीतले 'एच', म्हणजे अँटन हॉफमन, यांचा नियम हेच सांगतो: लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्हींतले दोनच निवडता येतात.

बंद पेटीत या जोडाची कंपनसंख्या ५४ हर्ट्झवर चढते. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ ची, म्हणजे ती थोडी दबकीच ऐकू येईल. पेटीला १८ मिलिमीटरचे प्लायवूड, सांधे फेव्हिकॉलने बंद, आणि आत एक आडवी पट्टी, भिंती वाजू नयेत म्हणून.