जॅझ गिटारच्या कॉर्ड्स कशा शिकायच्या? पेटीवर 'सा रे ग म' येत असेल तर अर्धं काम झालंय

पेण किंवा रोह्यात राहणाऱ्या एखाद्याने गिटार घेतली की चार-पाच कॉर्ड्स बसतात आणि त्यावर बरीच हिंदी-मराठी गाणी वाजतात. मग कधीतरी जॅझचा व्हिडिओ समोर येतो. 'डी मायनर सेव्हन', 'सी मेजर सेव्हन' अशी नावं ऐकून वाटतं, मुंबईत क्लास लावल्याशिवाय हे जमणार नाही. प्रत्यक्षात या नावांमागचा हिशोब भजनात पेटी वाजवणाऱ्याला सहज कळेल असा आहे.

कॉर्ड म्हणजे नेमकं काय?

तीन किंवा त्याहून जास्त स्वर एकाच वेळी वाजले की कॉर्ड होते. सप्तकातला एक सोडून एक स्वर घ्यायचा. पांढरी एकला सा धरला तर सा-ग-प म्हणजे सी मेजर. गंधार कोमल केला की सी मायनर.

जॅझमध्ये यावर बहुतेक वेळा निषाद चढतो. सा-ग-प वर शुद्ध नी घेतला तर मेजर सेव्हन, कोमल नी घेतला तर नुसता 'सेव्हन'. ग आणि नी दोन्ही कोमल असतील तर मायनर सेव्हन. जॅझमधल्या बहुतेक कॉर्ड्स या तीन प्रकारांतूनच वाढतात.

'टू-फाइव्ह-वन' हा काय प्रकार आहे?

जॅझच्या असंख्य गाण्यांत येणारी ही कॉर्ड्सची साखळी. म्हणजे रे, प आणि सा यांच्यावर उभ्या केलेल्या कॉर्ड्स:

डी मायनर सेव्हन: रे म ध सा
जी सेव्हन: प नी रे म
सी मेजर सेव्हन: सा ग प नी

सगळे स्वर शुद्ध, म्हणजे बिलावल थाटातलेच. मग फरक कुठे आहे? आपल्याकडे तानपुऱ्याचा सा शेवटपर्यंत हलत नाही. इथे खालचा पाया बदलत राहतो. त्यामुळे तोच म रे वर कोमल गंधारासारखा ऐकू येतो आणि प वर कोमल निषादासारखा. स्वर तोच, अर्थ वेगळा. जॅझची थिअरी मुख्यतः हेच ऐकायला शिकवते.

गिटारवर कसं वाजवायचं?

सुरुवातीला तीनच तारा पुरे. पंचम सोडून दिला तरी कॉर्डची ओळख राहते.

डी मायनर सेव्हन: पाचवी तार 5वा फ्रेट, चौथी तार 3रा, तिसरी तार 5वा.
जी सेव्हन: सहावी तार 3रा, चौथी तार 3रा, तिसरी तार 4था.
सी मेजर सेव्हन: पाचवी तार 3रा, चौथी तार 2रा, तिसरी तार 4था.

बाकीच्या तारा बोटाने दाबून गप्प ठेवा. आता फक्त चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे लक्ष द्या. आधी सा एक फ्रेट उतरून नी होतो, मग म एक फ्रेट उतरून ग होतो. दर वेळी एकच बोट हलतं. कानाला 'घरी आल्यासारखं' वाटतं ते यामुळे.

तिन्ही आकार दोन फ्रेट वर सरकवले की हीच साखळी डी मध्ये वाजते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यासारखंच आहे: साचा एकच, मूर्ती अनेक. पण डोळ्यांची आखणी हातानेच करावी लागते. इथे ती आखणी म्हणजे लय. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून सराव करा.

हे संगीत आपल्यासाठी परकं आहे का?

अजिबात नाही. 1935मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचललं आणि तेच वादक पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. सी. रामचंद्र यांच्या 1951च्या 'अलबेला'मधल्या स्विंगमागे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा हात होता. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ रचणारे सबॅस्टियन डिसूझाही गोव्याचेच. लोकांना संगीतकारांची नावं पाठ झाली, हे वादक मात्र बराच काळ पडद्याआड राहिले.

1936 साली मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मलेले अमानसियो डिसिल्वा तर गिटारवादकच. लंडनला गेल्यावर त्यांनी 1969मध्ये 'इंटिग्रेशन' हा अल्बम केला. त्यात जॅझ आणि भारतीय सुरावट एकत्र ऐकू येते.

सुरुवात कुठून करायची?

नवीन आकार पाठ करण्याआधी त्यातले स्वर सरगममध्ये म्हणा. घरात किंवा देवळात पेटी असेल तर एकाला खालचा स्वर धरायला सांगा आणि तुम्ही वरचे दोन वाजवा. पन्नास आकार पाठ असूनही कान कोरा राहिला, तर दुसऱ्यांबरोबर वाजवताना बोटं अडतात. तीनच कॉर्ड्स ऐकून ओळखता आल्या, तर चौथी तुमची तुम्हाला सापडते.