दूधबाटलीची स्वच्छता

वरचे दूध किंवा काढून ठेवलेले आईचे दूध तान्ह्या मुलाला पाजण्याची बाटली, निपल व इतर सुटे भाग घासून, निर्जंतुक करून वाळवण्याचे काम. उरलेल्या दुधात साखर, प्रथिने आणि स्निग्धांश असतात. कोमट तापमानात त्यात जंतू झपाट्याने वाढतात व बाळाला जुलाब होतात. दूध पावडरीही निर्जंतुक नसतात. क्रोनोबॅक्टर हा जंतू कोरड्या पावडरीत टिकतो; म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शिकेत पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवून, निववून पाजायला सांगितले आहे.

बाटली किती स्वच्छ राहील हे बरेचसे तिच्या घडणीवर ठरते, आणि याचा धडा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने फार मोठी किंमत देऊन घेतला. तिथे काचेच्या चपट्या बाटलीला लांब रबरी नळी जोडलेली असे. बाळ पडल्यापडल्या चोखी, आईचे हात मोकळे राहत, त्यामुळे ती खपली. पण नळीत ब्रश शिरत नसे. श्रीमती बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थापनावरील लोकप्रिय पुस्तकात तर एकदा बसवलेले निपल नवे घालेपर्यंत काढू नये, असा सल्ला होता. पुढे या बाटल्यांना ‘खुनी बाटल्या’ म्हटले गेले. फ्रान्सने १९१० मध्ये नळीच्या बाटल्यांवर कायद्याने बंदी घातली. दरम्यान ॲलन अँड हॅनबरीज या लंडनच्या कंपनीने दोन्ही टोकांना उघडी, होडीच्या आकाराची बाटली आणली होती. नळाखाली धरली की पाणी आरपार जाई. आजही दुकानात बाटली निवडताना गॅसरोधक नळ्या, झडपा, चकत्या मोजून पाहाव्यात: जितके भाग, तितके घासणे. रुंद तोंडाची, मोजक्या भागांची बाटली नव्या आईबापांना सोयीची.

पाजून झाले की उरलेले दूध ओतून बाटली लगेच साध्या पाण्याने खळबळावी. आधी कढत पाणी घातले तर प्रथिने घट्ट होऊन भिंतीला चिकटतात. रात्री दोनला एवढे केले तरी सकाळचे काम निम्मे होते. मग सर्व भाग सुटे करून गरम पाणी व साबणाने, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या ब्रशने घासावेत. सिंकमध्ये कच्च्या मांसाचे, भाज्यांचे पाणी पडलेले असते, म्हणून वेगळे घमेले घ्यावे. दूध दडते ते दोन ठिकाणी: रिंगच्या आट्यांत आणि निपलच्या कडेखाली. निपल उलटे करून घासावे, साबणाचे पाणी दाबून भोकातून पिचकारीसारखे काढावे. हात फिरवल्यावर ओशट लागले तर पुन्हा घासावे.

अनेक घरांत भर असतो तो उकळण्यावर. घासण्याकडे दुर्लक्ष होते. दुधाचा थर तसाच असेल तर उकळून फारसे साधत नाही. स्वच्छ घासलेले भाग पूर्ण बुडतील, आत हवेचे बुडबुडे राहणार नाहीत असे पातेल्यात ठेवावेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मते उकळी फुटल्यावर ५ मिनिटे पुरतात. ब्रिटनची आरोग्यसेवा किमान १० सांगते. अमेरिकी सूचनेनुसार दोन महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळासाठी हे रोज करणे विशेष महत्त्वाचे. विजेचा स्टीमर सोयीचा. मात्र बोअरच्या जड पाण्याने त्याच्या तव्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो पातळ व्हिनेगरने निघतो. धुतलेले भाग फडक्याने पुसू नयेत, स्वच्छ जाळीवर उपडे घालून निथळू द्यावेत. ओरखडे पडून धुरकट झालेली प्लॅस्टिकची बाटली, चिकट किंवा चिरलेले निपल टाकून द्यावे. स्टीलच्या बाटलीला ओरखड्यांची चिंता कमी, पण आत राहिलेला थर बाहेरून दिसत नाही.

एकाच बनावटीच्या चार-सहा बाटल्या ठेवल्या तर रिंग व निपल अदलाबदल करता येतात आणि दिवसाचे धुणे एकदोन वेळांत उरकते. हे काम बाळंतिणीवर टाकण्याचे कारण नाही. बाप, आजी, मावशी कोणीही करू शकते.

भारतात १९९२ च्या कायद्याने दूधबाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे. वरचे दूध द्यावेच लागले तर बालरोगतज्ज्ञ बाटलीऐवजी वाटी-चमचा सुचवतात. महाराष्ट्रात पूर्वापार त्यासाठी बोंडले (चोचीची छोटी वाटी) किंवा शिंपला वापरत. ही भांडी उघडी असल्याने आतवर बोट पोचते, आणि त्यांना वेगळा ब्रश लागत नाही.