पेटीत आवाज, पेटीवर नाव

आम्ही नंदाखालच्या बाया आज गाण्याबद्दल बोलणार आहोत. पण आधी आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत आमच्या गटाने ठरवलं की मांडवात म्हाताऱ्या बाया आपल्या कादोडीत जी गाणी म्हणतात, ती मोबाइलवर भरून घ्यायची. चार लग्नांत मिळून सतरा गाणी भरली. पुढे मोबाइल बदलला, गाणी पेनड्राइव्हवर घेतली आणि तो पेनड्राइव्ह कपाटात पडून राहिला. यंदा ऐकायला बसलो तर प्रत्येक गाण्याला नुसता आकडा. नवरीला निरोप देतानाचं एक गाणं ऐकून तिघींनी तीन वेगळ्या बायांची नावं घेतली. एक म्हणाली, ही माझी आजेसासू. दुसरी म्हणाली, छे, ही तर वरच्या आळीतली मावशी. त्या म्हाताऱ्यांपैकी दोघी आता नाहीत. विचारायचं कुणाला? आवाज हातात होता, बाई हातातून गेली होती.

म्हणून आज एका पेटीची गोष्ट सांगतो. पेटी म्हणजे भजनात वाजवतात ती नव्हे. मोठ्या गायिकेची पहिल्यापासून शेवटपर्यंतची गाणी कंपनी एकत्र करते, तीन-चार सीडी आणि माहितीचं पुस्तक एका खोक्यात घालून विकते, ती पेटी.

जॅनिस जॉप्लिन नावाची गायिका अमेरिकेत होऊन गेली. १९४३ साली टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर या तेलाच्या कारखान्यांच्या गावात तिचा जन्म झाला. ती गोरी, पण गायची ब्लूज. ब्लूज हे काळ्या लोकांचं गाणं. गुलामगिरी कायद्याने संपली तरी कापसाच्या शेतात राबणं सुटलं नाही. त्या राबण्यातून, उपासातून, सोडून गेलेल्या माणसाच्या आठवणीतून ते आलं. आपण जात्यावर बसून सासरचं दुःख जसं सांगायचो, तसंच. जॅनिसने ते गिटार आणि ड्रमच्या साथीने, घसा फाटेल इतक्या जोराने गायलं. १९७० साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, अमली पदार्थांनी तिचा जीव घेतला.

तिच्या मागे, १९९३ साली, कंपनीने तिच्या गाण्यांची तीन सीडींची पेटी काढली. तिच्यात सुरुवातीला १९६२ सालचं, घरगुती टेपवर भरलेलं गाणं आहे. तेव्हा तिला कुणी ओळखत नव्हतं. शेवटाकडे आहे ते मरणाच्या तीन दिवस आधी गायलेलं गाणं. त्यात वाद्य नाही, नुसता गळा आहे. आठ वर्षांचं गाणं एका खोक्यात, आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहिलेलं की कधी गायलं, कुठे गायलं, साथीला कोण होतं.

पण जॅनिस ज्यांच्याकडे पाहून गाणं शिकली, त्या बायांचं काय झालं ते ऐका.

बेसी स्मिथ ही काळी गायिका जॅनिसच्या आधीच्या पिढीतली. टेनेसीतल्या चॅटनूगा गावची, लहानपणीच आईवडील गेलेली, रस्त्यावर गाऊन पैसे मिळवलेली. १९२३ साली तिची पहिली तबकडी निघाली आणि ती लाखोंनी खपली. पण तिला दर गाण्यामागे एकदाच ठरलेली रक्कम मिळायची. पुढे कितीही तबकड्या खपल्या तरी त्यातला वाटा तिचा नसायचा. १९३७ साली मोटारीच्या अपघातात ती गेली. अंत्ययात्रेला हजारो लोक आले. तिला फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमीत पुरलं, आणि त्या कबरीवर तेहतीस वर्षं दगड नव्हता. नाव नव्हतं.

आपल्याकडे दफनभूमीत आपण दरवर्षी कबरी साफ करतो, फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो. बिननावाची कबर म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९७० साली बेसीच्या सगळ्या तबकड्या पुन्हा बाजारात यायला लागल्या होत्या, तरी कबर तशीच उघडी होती. तेव्हा फिलाडेल्फियातल्या एका गृहिणीने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की एवढ्या मोठ्या गायिकेच्या कबरीवर दगडसुद्धा का नाही. वर्तमानपत्राने शोधाशोध केली. दोघी पुढे आल्या आणि खर्च अर्धा अर्धा वाटून घेतला. एक जॅनिस जॉप्लिन. दुसरी ह्वानिटा ग्रीन, जिने लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायचं काम केलं होतं. ऑगस्ट १९७० मध्ये दगड बसला. दोन महिन्यांत जॅनिस स्वतः गेली.

आणखी एक गायिका, बिग मामा थॉर्नटन. 'बॉल अँड चेन' हे तिचं गाणं जॅनिसने तिला विचारून घेतलं आणि त्याच गाण्याने जॅनिसचं नाव झालं. पण त्या गाण्याचे हक्क आधीच एका कंपनीकडे गेलेले होते. त्यामुळे गाणं जगभर वाजलं तरी त्याचे पैसे बिग मामाच्या हाती आले नाहीत. मैत्रिणींनो, कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो वाचून घ्यावा, नाहीतर वाचून घेणारं माणूस सोबत न्यावं, हे आपण गटात कर्जाच्या कागदाबद्दल नेहमी सांगतो. गाण्याच्या कागदालाही ते तितकंच लागू आहे.

आता आपल्या देशात या. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचं गाणं भरलं. भारतातल्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी त्या. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. गाणं संपता संपता गौहर जान मोठ्याने इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. कारण तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कळायला हवं की हा आवाज कुणाचा. तेव्हाचा तो कामापुरता उपाय. पण आज सव्वाशे वर्षं होत आली, तरी त्या तबकडीवरचा आवाज कुणाचा यावर वाद होऊ शकत नाही. बाईने स्वतःच सांगून ठेवलंय.

आपल्या शेजारच्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची गोष्ट थोडी निराळी. १९२१ पासून त्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या आणि मोठ्या गायिका झाल्या. आपलं गाणं भरू देण्याच्या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. म्हणून एवढ्या मोठ्या गायिकेच्या तबकड्या मोजक्याच. त्यांची पेटी लहान आहे, पण तिच्यात काय ठेवायचं ते त्यांनी ठरवलं. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली आणि तिच्यात जगभरातलं संगीत भरलं. त्यात भारताचं एकच गाणं आहे, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. यानं सुटली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई वारल्या. पहिलं व्हॉयेजर आज पृथ्वीपासून दोन हजार चारशे कोटी किलोमीटरच्याही पुढे गेलंय. त्या संगीताच्या यादीत 'सूरश्री केसरबाई केरकर' असं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, या सगळ्या मोठ्या बाया. आमच्यासारख्यांचं नाव कोण लिहितो? लिहिलंय. आपल्या महाराष्ट्रातच लिहिलंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आधी हाताने लिहून घेतल्या, पुढे नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने टेपवर भरल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या. घरोघरची जाती बंद पडून पिठाची गिरणी आली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर कितीतरी ओव्या जात्याबरोबरच गेल्या असत्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या सगळ्यांना ऐकायला, वाचायला खुल्या केल्या आहेत.

आम्हाला त्यातली भावलेली गोष्ट म्हणजे, ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, तिचं गाव आहे, तालुका आहे. या बाया शेतात राबणाऱ्या, मजुरी करणाऱ्या. कितीजणींना स्वतःचं नाव लिहिता येत नसेल. तरीही ओवी 'लोकांची' म्हणून सोडून दिली नाही, ती म्हणणारी कोण ते लिहून ठेवलं.

आपल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा सगळ्या गावाला अभिमान वाटला. लिहिणाऱ्याचं नाव पुस्तकावर छापलेलं असतं, पिढ्यानपिढ्या राहतं. पण ज्या बायांनी केळीच्या वाडीतून घरी येऊन, चूल सांभाळून, रात्र रात्र मांडवात गाणी म्हटली, आणि मुलांना आता माहीत नसलेले आपल्या बोलीचे शब्द त्या गाण्यांत जिवंत ठेवले, त्यांचं नाव कुठे आहे? आम्हीच आकडे टाकून मोकळ्या झालो होतो.

मग आम्ही एक शंभर पानी वही आणली. आता गाणं भरायच्या आधी बाईला विचारायचं, हे रेडिओवर लावलं तर चालेल का? घरच्यांपुरतं ठेवायचं म्हणाली, तर घरच्यांपुरतं. मग मोबाइल सुरू झाला की गाण्याआधी तिनेच बोलायचं: नाव, माहेर, सासर, गाणं कुणाकडून शिकली. तेच वहीत तारखेसह लिहायचं. गाण्याची एक प्रत तिच्या घरी द्यायची. उद्या कुणी त्या गाण्याचे पैसे देऊ केले, तर ते कुणाचे हे वही सांगेल.

जुन्या सतरा गाण्यांचंही काम सुरू आहे. पेनड्राइव्ह घेऊन घरोघर बसतो, ऐकवतो. अकरा गाण्यांची नावं लागली. सहा अजून बाकी आहेत. ती पुढच्या आठवड्यापासून कार्यक्रमाच्या शेवटी एकेक करून लावू. आवाज ओळखीचा वाटला तर आम्हाला येऊन सांगा.

परवा एका आजींकडे गेलो होतो. नाव सांगा म्हटलं तर लाजल्या. म्हणाल्या, "माझं नाव कशाला गं? गाणं माझ्या आयेचं." आम्ही म्हटलं, "मग आयेचंही सांगा." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग पदर सारखा केला, मोबाइलकडे तोंड केलं आणि आधी आयेचं नाव सांगितलं, मग स्वतःचं. म्हणाल्या, "आयेचं नाव मोठ्याने घेऊन किती वर्षं झाली गं." आणि गाणं सुरू केलं.

वहीच्या पहिल्या पानावर आता ती दोन नावं आहेत.