पाथरवटाच्या मजलिशीत

चपला काढून हातात घ्या आणि उजवा पाय आधी आत टाका. डावा नको! मागून येणाऱ्या भाजीवाल्यानं तुमचा डावा पाय उचललेला पाहिलाय आणि रस्ता ओलांडणाऱ्या पोराला धरावं तसं तुमचं कोपर हलकेच धरलंय. पैगंबर मशिदीत उजव्या पायानं जात, म्हणून तोही जातो. एवढंच त्याचं म्हणणं.

ही दमास्कसची उमय्या मशीद. साल १३२६, रमजानचा उत्तरार्ध आणि भर ऑगस्टचं ऊन. अंगणातला संगमरवर इतका तापलाय की टाचा उचलत तुम्ही सावलीकडे धूम ठोकता. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे तांबटांचा बाजार आहे, तिथली ठणठण कानात घुसते. पहाटेच्या सहरीनंतर पोटात घोटभर पाणी गेलेलं नाही, आणि समोरच्या हौदात पाणी खळखळतंय. वजू करा, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवा. चूळ भरली तर चालेल, पण गिळू नका. शेजारचं आठ वर्षांचं पोर बघा: आधी उजवा हात, मग डावा, प्रत्येक तीनदा. ते सगळं त्याच्या हातांनाच पाठ आहे. बापाला पाहून शिकलं, बाप आजोबांना पाहून.

कुणीतरी सणसणीत शिंकतं. ‘अल्हम्दुलिल्ला’ म्हणतं. लगेच पाच-सहा अनोळखी तोंडं त्याला अल्लाची कृपा मागतात आणि तो त्यांना परत दुआ देतो. पुढं खांबापाशी दोन म्हातारे हुज्जत घालतायत. रोजात दुपारनंतर मिसवाकच्या काडीनं दात घासावेत का? एक म्हणतो, पैगंबरांना मिसवाक फार प्रिय होती. दुसरा म्हणतो, रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाला कस्तुरीहून प्रिय आहे, मग तो घालवायचा कशाला? दोघांकडेही हदीस आहे, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची आठवण, आणि दोघंही इरेला पेटलेत. दात घासण्यासारख्या गोष्टीवर सातशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या आवडीनिवडीचा इतक्या जिव्हाळ्यानं हिशोब चाललाय. या शहरातलं पैगंबरांवरचं प्रेम समजून घ्यायचं तर या दोघांजवळ थोडं थांबा.

आता आत चला. चटया, घाम, ओली शाई, सगळ्यांचा मिळून एक जड वास. गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसलीत. काझी आहेत, शिपाई आहेत, बापाच्या मांडीवर पेंगणारी पोरं आहेत. अंग चोरून बसा. कोपऱ्यात तापानं डोळे लाल झालेला बावीस वर्षांचा एक प्रवासी आहे, टँजियरचा इब्न बतूता. पुढं हाच माणूस आपल्या दौलताबादेपर्यंत येणार आहे. तूर्त तो कान देऊन ऐकतोय.

वाचतायत ते अल-बिरझाली, शामचे, म्हणजे सीरियाचे, नावाजलेले इतिहासकार. पुस्तक आहे ‘सहीह अल-बुखारी’, बुखारी यांनी जमवलेल्या हदीसींचा संग्रह. चौदा बैठकांत ते पूर्ण वाचून व्हायचंय. पण सगळ्यांची नजर वाचणाऱ्यावर नाही, समोर बसून नुसतं ऐकणाऱ्या म्हाताऱ्यावर आहे. त्याचे हात बघा. ते हात लेखणीचे नाहीत. त्याचं नाव अहमद अल-हज्जार, धंदा पाथरवटाचा. वय शंभरीच्या पुढं, आणि तरीही रोजा धरलेला.

एवढ्या पंडितांनी एका पाथरवटासमोर मान का तुकवावी? पाच-सहा वर्षांचं पोर असताना त्यानं हे पुस्तक इब्न अल-झबीदी यांच्यासमोर बसून ऐकलं होतं. मग आयुष्यभर दगड घडवले. वीसेक वर्षांपूर्वी विद्वानांना जुन्या हजेरीच्या कागदावर त्याचं नाव दिसलं. त्या बैठकीतली बाकीची माणसं एकेक करून गेली होती, हा मात्र हयात! तेव्हापासून पंडित त्याच्या पायाशी येऊन बसतायत.

कारण इथं हदीस नुसती कागदावर असून भागत नाही. ती कुणी कुणाच्या तोंडून ऐकली, याची साखळी हवी. अल-हज्जार आणि बुखारी यांच्यामध्ये साडेचारशे वर्षं आहेत, आणि माणसं फक्त पाच. त्यातला एक अबुल वक्त, हेरातचा. लहानपणी त्याचा बाप त्याला हेच पुस्तक ऐकवायला पायी बूशंजला घेऊन निघाला. पोराच्या हातात दगड दिले. थकला की एक टाकायला सांगायचा, पुन्हा थकला की दुसरा. पार गळाला की खांद्यावर घ्यायचा. वाटेतले शेतकरी वाहनावर बसवायला तयार होते, पण पैगंबरांचे शब्द ऐकायला जाताना बसून जायचं नाही, असं बाप म्हणाला. त्या पोराच्या कानांतून आलेलं पुस्तक आज तुमच्या कानांत पडतंय. मला या साऱ्या विद्येत पुस्तकांहून मोठी वाटतात ती ही माणसं, पोरांना खांद्यावर घेऊन चाललेली.

मिनारावरून मगरीबची, सूर्यास्ताची अजान. लगेच खजूर! उशीर करण्यात पुण्य नाही. मग पाणी, बसून, तीन श्वासांत. रमजानात दमास्कसमध्ये कुणी एकट्यानं रोजा सोडत नाही. श्रीमंत गरिबांना घरी बोलावतात, गरीब आपापल्या भाकऱ्या घेऊन एकत्र जमतात. तुम्हालाही कुणीतरी ओढून थाळीभोवती बसवलंच. तुपाचा वास, अंजिरं, गरम रोटी. बिस्मिल्ला म्हणा, उजव्या हातानं खा, आणि आपल्या पुढ्यातलंच खा. पलीकडच्या बोटीकडे गेलेला तुमचा हात यजमानाच्या ध्यानात आलाय. तो हसतो आणि तीच बोटी तुमच्यापुढं सरकवतो.

हात धुतलेत? मग त्या कारकुनाकडे जा. इब्न तुघरील, हजेरी लिहितोय. तुमचं नाव, बापाचं नाव, गाव. कुठल्या बैठकीला उशिरा आलात, कुठं डुलकी लागली, तेही विचारणार. खोटं सांगू नका. पुस्तकातल्या खरेदी-विक्रीच्या प्रकरणाला तुमची मान कलली होती, ती शेजाऱ्यानं पाहिलीय. कारकून मान डोलावतो, तसं टिपून ठेवतो आणि पुढं कुणाकडे ऐकायला जावं, त्यासाठी दुसरं नाव सुचवतो: झैनब बिंत अल-कमाल. ऐंशीच्या घरातल्या बाई, लग्न केलं नाही, डोळ्यांचं दुखणं लहानपणापासूनचं. दिवसाचा बराचसा वेळ विद्यार्थी त्यांच्यापुढं ग्रंथ वाचत बसतात आणि त्या न कंटाळता ऐकतात. कासियून डोंगराच्या उतारावर सालिहिय्या वस्तीत विचारा, कुणीही घर दाखवेल. सहरी करून लगेच निघा. ऊन चढल्यावर तो चढ रोजात झेपायचा नाही.