मित्र : दक्षिण क्षितिजावरचा जोडतारा

मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास जालना जिल्ह्यातील हसनाबादहून दक्षिणेला पाहिल्यास नरतुरंग तारकासमूहातील दोन तेजस्वी तारे क्षितिजालगत दिसतात : मित्र आणि मित्रक. मित्र येथे जेमतेम ९ अंश उंची गाठतो. पॅरिस वा ग्रीनिचहून तो कधीच दिसत नाही.

त्याचे रहस्य भारतातच उलगडले. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरीत धूमकेतूचे वेध घेताना जेझुइट पाद्री जाँ रिशो यांना दुर्बिणीतून एका मित्राच्या जागी दोन तारे दिसले.

पुढे थॉमस हेंडरसन यांनी १८३२-३३ मध्ये आफ्रिकेच्या केप वेधशाळेतून मित्राचे वेध घेतले. त्यांतून त्याचे अंतर निघत होते. परंतु ते जाहीर करण्यास हेंडरसन कचरले. १८३८ मध्ये बेसेल यांनी हंस समूहातील एका ताऱ्याचे अंतर प्रसिद्ध केले आणि पहिलेपणाचा मान त्यांच्याकडे गेला. हेंडरसन यांचा निबंध १८३९ मध्ये आला, केवळ काही महिन्यांच्या विलंबाने.