जुनी बॅटरी आणि शिशाची गोष्ट

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी जिन्याखाली, गॅलरीत नाहीतर गच्चीवरच्या खोलीत मोटारीची एखादी जुनी बॅटरी पडलेली असते. 'टाकायची कशाला, कधीतरी उपयोगी पडेल' हा आपला सनातन विचार! तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या खोक्यात काय आहे आणि ते तिथे कसे आले हे ठाऊक असेल, तर बॅटरी उपयोगीही पडते आणि घरातल्या पोराबाळांना बाधतही नाही. म्हणून आज तिचा थोडासा इतिहास.

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते या पंचवीस वर्षांच्या शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत अशी सोय करून त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडवली. त्याआधीची विद्युतघटे एकदा संपली की संपली. हे मात्र उलटा प्रवाह सोडला की पुन्हा भरत असे. पुढच्याच वर्षी त्याने अशी नऊ घटे जोडून पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप थापला, त्यामुळे बॅटरीत जास्त वीज मावू लागली. आजही आपल्या बॅटरीत तेच शिसे, तोच लेप आणि तेच आम्ल आहे.

मोटारीत मात्र तिचे महत्त्व वाढले ते १९१२ मध्ये. तोवर गाडी सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले तर मनगट मोडायचे. त्या वर्षी चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. त्याला क्षणभर पण भरपूर वीज लागते, म्हणून मोटारीच्या बॅटरीत पातळ पातळ प्लेटा पुष्कळ घालतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी ज्या खेड्यात शिकवत होतो तिथे १९८८ साली 'महाभारत' सुरू झाले. रविवारी सकाळी वीज असेलच याचा भरवसा नसे. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची! ती उतरली की सायकलच्या कॅरिअरला बांधून तालुक्याला चार्जिंगला न्यायची. वाटेत आम्लाचे थेंब उडून कित्येकांच्या सदऱ्यांना भोके पडली. पण अख्खा गाव त्या एका बॅटरीवर महाभारत पाही. सांगायचा मुद्दा असा, की जुन्या बॅटरीचा घरगुती वापर आपल्याला नवा नाही.

आता नियमांकडे वळू. प्रत्येक नियमामागे कारण आहे, तेही सांगतो. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट साचते. ती तशीच महिनोन्महिने पडून राहिली तर ते सल्फेट कडक होते आणि चार्जिंगनेही निघत नाही. म्हणून साठवायची तर पूर्ण भरून साठवावी आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पातळ प्लेटांमुळे तिला पार रिकामी होणे सोसत नाही, म्हणून निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. लोडशेडिंगमध्ये ५ वॉटचा १२ व्होल्टवाला एलईडी दिवा दहा तास लावला तरी जेमतेम ४ अँपिअर-तास खर्च होतात. थकलेल्या बॅटरीलाही एवढे जमते. मात्र वायरीत, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवाच.

चार्जिंग सावकाश करावे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३ ते ३.५ अँपिअर पुरे. बॅटरी भरत आली की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून हे काम बंद खोलीत किंवा देवघराजवळ करू नये. आधी चिमटे लावावेत, मग बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे नको आणि आम्लही नको. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि सांडलेल्या आम्लावर टाकायला खाण्याचा सोडा जवळ असावा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बॅटरी वापरा, पण फोडू नका.

सेनेगलची राजधानी डाकारजवळ थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा धंदा वर्षानुवर्षे चाले. शिशाचे भाव वाढले तेव्हा लोक त्या जागेची मातीसुद्धा चाळून शिशाचे कण वेचू लागले. बायका मुलांना जवळ घेऊन हे काम करत, मातीची पोती घरात आणून ठेवत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथली १८ लहान मुले दगावली. तपासणी झाली तेव्हा त्यांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तात शिसे भयंकर प्रमाणात सापडले. कोणी मुद्दाम विष घातले नव्हते. चार पैसे मिळावेत म्हणून आईने चाळलेली माती, एवढेच!

शिशाला वास नाही, त्याने पटकन पोटातही दुखत नाही. ते लहान मुलांच्या मेंदूला गुपचूप इजा करते, आणि झालेली इजा भरून येत नाही.

आपल्याकडे २००१ साली बॅटऱ्यांविषयी नियम आले आणि जुनी बॅटरी परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक झाले. २०२२ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. नवी बॅटरी घेताना जुनी दिली तर दुकानदार पैसेही वजा करतो. भंगारवाला कदाचित शंभर रुपये जास्त देईल, पण पुढे ती कोणाच्या अंगणात फुटेल हे आपल्याला दिसत नाही. दुकानातून ती रीतसर कारखान्यात गेली, तर त्याच शिशाची पुन्हा नवी बॅटरी होते.

तेव्हा मंडळी, या रविवारी आपापल्या जिन्याखाली डोकावा. बॅटरी चार्ज धरत असेल तर तिला मुलांच्या हाताला लागणार नाही अशा हवेशीर जागी नीट ठेवा. धरत नसेल तर दुकानात परत देऊन टाका.